तडा आणि तहकुबी

भिंतीला तडा जाणे ही घटना स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने कितीही साधी असली तरी लोकव्यवहाराच्या दृष्टीने ती मुळीच साधी नव्हे; कारण तडा जातो भिंतीला, परंतु त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार भिंतीच्या अल्याड व पल्याड नांदणाऱ्या दोन्ही कुटुंबांना, वरच्या मजल्यावर ज्यांचे न्हाणीघर वर्षानुवर्षे गळत आले आहे त्यांना, तळमजल्यावरच्या दुकानदाराला, आणि जिन्यातून येजा करता करता दोन क्षण थबकणाऱ्या पेपरवाल्याला सारख्याच प्रमाणात प्राप्त होतो. यांपैकी प्रत्येकाचे निदान निराळे असते. एका मुद्द्यावर मात्र सर्वांचे मतैक्य असते, आणि ते असे की तडा 'वरवरचा' आहे. तो गिलाव्याचा आहे, आतपर्यंत गेलेला नाही, उन्हापावसाने असे व्हायचेच, समोर पायलिंगचे काम चालू होते तेव्हा तो पडला, ही सारी त्या एकाच सिद्धान्ताची उपांगे होत. प्रत्येक सोसायटीत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात. ते खिशातून दहा पैशांचे जुने नाणे काढून तड्यात सरकवून पाहतात, नाणे शिरले नाही तर 'अजून वेळ आहे' असे म्हणतात, आणि शिरले तर दुसरे, किंचित जाड नाणे शोधू लागतात.

परंतु या सर्व युक्तिवादांत मला सर्वाधिक आदर वाटतो तो 'आम्ही राहायला आलो तेव्हापासून हा आहे' या युक्तिवादाविषयी. यात अभियांत्रिकी नाही, निखळ कायदा आहे. जो तडा बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे, शांतपणे आणि कोणाच्याही हरकतीवाचून भिंतीवर राहिला, त्याला वहिवाटीचा हक्क प्राप्त झाला असून आता त्याला तेथून हुसकावून लावणे अन्यायाचे होईल, असा त्याचा भावार्थ असतो. तडा मात्र या कृपेची जाणीव न ठेवता दर पावसाळ्यात थोडा थोडा पुढे सरकत असतो. खाऱ्या हवेतली आर्द्रता त्याच्या वाटेने आत शिरते, सळईला गंज चढतो, आणि गंज हा असा विचित्र पदार्थ आहे की मूळ लोखंडाहून तो दुपटीपासून सहापटीपर्यंत अधिक जागा मागतो. ती जागा देण्याची काँक्रीटची तयारी नसते, म्हणून काँक्रीट फुटते. जागेवरून होणारी ही भांडणे मुंबईच्या हवेतच असावीत.

या घरगुती निदानपद्धतीला पहिला धक्का दिला तो कायद्याने. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात ३५३-ब हे कलम घालून ३० वर्षांवरील इमारतींनी आपली संरचनात्मक स्थिरता नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घ्यावी असे फर्मावण्यात आले. आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी त्याही पुढे जाऊन १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी व्हावी असा दंडक घातला. हा दंडक सोसायटीच्या दफ्तरात पोहोचला की प्रथम उद्भवतो तो वयाचा वाद. आपली इमारत ३० वर्षांची झालीच कशी, असा प्रश्न ज्यांची मुले त्याच इमारतीत जन्मून, शिकून, लग्न करून परदेशी स्थायिक झाली तेच सर्वप्रथम विचारतात. मग एखादा कायदेपंडित सभासद उठून म्हणतो, की ज्या इमारतीला आजतागायत भोगवटा प्रमाणपत्रच मिळालेले नाही ती कायद्याच्या दृष्टीने अद्याप जन्मलीच नाही. सबब तिचे वय मोजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हा युक्तिवाद इतका डौलदार असतो की त्याला टाळ्या पडतात. दुर्दैवाने ज्याने कलम लिहिले त्यालाही मुंबईचे सभासद चांगले परिचित असावेत. कारण पूर्णत्वाचा दाखला, भोगवट्याची परवानगी, किंवा निम्मे बांधीव क्षेत्र प्रत्यक्ष वापरात आल्याची तारीख, यांपैकी जी सर्वांत आधीची असेल ती धरावी, अशी पाचर त्याने तेथेच मारून ठेवली आहे.

तेव्हा तपासणी अटळ ठरते. तीन दरपत्रके मागवली जातात, त्यांतले सर्वांत कमी रकमेचे मंजूर होते, आणि एका सकाळी अभियंता दोन सहायकांसह, पत्र्याची पेटी घेऊन दाराशी उभा राहतो. तत्पूर्वीच्या आठवड्यात काही घरांत लगबग झालेली असते. जेथे पोपडे निघाले होते तेथे पुट्टी भरलेली असते, छताच्या ओल्या डागावर घाईघाईने पांढरा हात फिरवलेला असतो, आणि ज्या कोपऱ्यात तड्याने फाटा फोडला होता तेथे पाच फुटी कपाट सरकवलेले असते. डॉक्टर यायचे म्हणून रुग्णाला न्हाऊ घालून, पावडर लावून बसवावे, तसा हा प्रकार. तुळयांचा प्रश्न तर त्या लाकडी पट्ट्यांच्या आणि पीओपीच्या छतांनी कधीच निकालात काढलेला असतो. दिवाणखान्यात झुंबराची सोय व्हावी म्हणून बसवलेल्या त्या छताच्या वर मूळ छत आहे की नाही, हे केवळ अनुमानप्रमाणाने सिद्ध करावे लागते. शिवाय ज्या घरमालकाने स्वयंपाकघर प्रशस्त करण्याच्या नादात अर्धा खांब तासून टाकला आहे, तो तपासणीच्या दिवशी हमखास गावी गेलेला असतो. अहवालात त्याच्या घरापुढे 'निरीक्षणास उपलब्ध झाले नाही' एवढीच नोंद पडते, आणि तो पुढल्या तपासणीपर्यंत निश्चिंत होतो.

अभियंत्याच्या पेटीतून पहिल्याने बाहेर पडतो तो रिबाउंड हॅमर. अर्न्स्ट श्मिट नावाच्या स्विस अभियंत्याने १९४८ च्या सुमारास सिद्ध केलेले हे हत्यार दिसायला सायकलच्या पंपासारखे, आत स्प्रिंग आणि लोखंडी ठोकळा. गिलावा खरवडून उघड्या केलेल्या काँक्रीटवर ते टेकवून दाबले की आतला ठोकळा आदळून मागे उसळतो, आणि तो किती उसळला याचा आकडा बाजूच्या पट्टीवर उमटतो. पृष्ठभाग जितका कणखर, तितकी उसळी मोठी. सहायक 'ठप्प' असा आवाज करतो, आकडा पुकारतो, दुसरा तो वहीत टिपतो, आणि शोकेसमधील काचेची हंसजोडी थरथरत असताना घरातील काका खुर्चीवरून विचारतात :

"किती आला हो?"

"छत्तीस."

"म्हणजे पास!"

ज्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या ३५ या आकड्याने माणसाचे भवितव्य ठरवले, तेथे छत्तीस ऐकून कोणाच्याही मनात दुसरा विचार येणे शक्य नाही. हे गुण शेकड्यातले नव्हेत, एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही, तो इतर चाचण्यांशी ताडून पाहावा लागतो, वगैरे गोष्टी अभियंता मोठ्या सौजन्याने सांगतो. परंतु तोवर काकांनी शेजारच्या घरी हाक मारून 'तुमचे किती?' असे विचारलेले असते, आणि शेजाऱ्यांचे एकतीस निघाल्याचे ऐकून त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते ते त्यांच्या नातवाच्या निकालाच्या दिवशीही पसरले नसेल. दोन्ही घरे एकाच स्लॅबला टांगलेली आहेत, शेजारी नापास झाला तर आपणही त्याच्याबरोबर खालच्या इयत्तेत जाणार, हा विचार या गुणपत्रिकेत कोठेच बसत नाही.

मग येतो ध्वनितरंगांचा प्रयोग. खांबाच्या दोन बाजूंना ग्रीस फासून दोन चकत्या टेकवायच्या, एकीतून तरंग सोडायचा आणि दुसरीपाशी तो किती वेळात पोहोचला ते मोजायचे. वेग सेकंदाला ४.५ किलोमीटरहून अधिक निघाला तर काँक्रीट उत्तम, ३ किलोमीटरच्या खाली गेला तर शंकास्पद. आत पोकळी वा चीर असेल तर तरंगाला वळसा घालावा लागतो आणि तो उशिरा पोहोचतो. गृहिणीचे लक्ष अर्थात तरंगाकडे नसून ग्रीसकडे असते. त्यानंतर सळईच्या गंजाचा अंदाज घेण्यासाठी मोरचुदाच्या द्रावणात बुडालेल्या तांब्याच्या कांडीने विद्युत्‌दाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली उतरला तर आत गंज चालू असण्याचा संभव ९० टक्क्यांहून अधिक धरतात. आणि सर्वांत मनोरंजक असतो तो फिनॉल्फथॅलीनचा फवारा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण उडवले, आणि काँक्रीट निरोगी असेल, म्हणजे त्याची अल्कता शाबूत असेल, तर ते लख्ख गुलाबी होते; हवेतील कर्बवायूने ती अल्कता खाऊन टाकली असेल तर रंग चढतच नाही. आता भिंतीवर गुलाबी डाग पडणे हे गृहिणीच्या शास्त्रात वाईट आणि न पडणे चांगले. त्यामुळे समोरच्यांच्या भिंतीवर डाग पडला, आपल्या भिंतीवर टिपूसही दिसला नाही, याचा आनंद मानणारी आणि तो जिन्यात चारचौघींना सांगणारी माउली मी पाहिली आहे. तिचा आनंद हिरावून घेण्याचे धैर्य अभियंत्याला झाले नाही.

राहता राहिला नमुना काढण्याचा प्रश्न. काँक्रीटचे बळ खात्रीने जाणायचे तर खांबातून वा तुळईतून एक गोल दांडका कापून प्रयोगशाळेत तो दाबून फोडावा लागतो. या चाचणीस तत्त्वतः कोणाचाही विरोध नसतो; प्रत्येकाचे म्हणणे एवढेच असते की ती दुसऱ्याच्या घरात व्हावी. अखेर पंपाच्या खोलीतील खांब निवडला जातो, कारण इमारतीत ज्याला सभासदत्व नाही असा तो एकच खांब असतो.

दीडेक महिन्याने अहवाल येतो. तो स्पायरल बांधणीचा, रंगीत छायाचित्रांनी युक्त आणि जाडजूड असतो, आणि सभासद तो ज्या क्रमाने वाचतात तो क्रमही ठरलेला आहे : प्रथम आपल्या न्हाणीघराचे छायाचित्र आले आहे काय हे पाहणे, आले असल्यास त्याविरुद्ध तक्रार करणे, मग खर्चाचा आकडा शोधणे, त्याला सभासदसंख्येने भागणे, आणि तदनंतर अहवाल विश्वासार्ह नाही असे मत बनवणे. मधल्या प्रकरणांत काय लिहिले आहे याची चौकशी सहसा होत नाही.

परंतु अहवालातील जे एक अक्षर आणि जो एक अंक सर्वजण वाचतात, ती इमारतीची वर्गवारी होय. मुंबईत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी. सी-२ ब म्हणजे माणसे आत राहूनच दुरुस्त करता येईल अशी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी पुरे. ज्याने ही वर्गवारी योजली त्याची अशी कल्पना असावी की आपली इमारत सी-३ निघावी अशीच माणसाची स्वाभाविक इच्छा असणार. मुंबईच्या जमिनीच्या भावाने या स्वाभाविक इच्छेचे काय केले आहे हे पाहायचे असेल तर पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या सोसायटीच्या सभेस अवश्य जावे. तेथे दोन पक्ष असतात. ज्यांना नव्या मनोऱ्यात वाढीव चटईक्षेत्र, दोन मोटारींची जागा आणि वरती पोहण्याचा तलाव दिसू लागलेला असतो, त्यांना इमारत कधी कोसळेल याचा नेम वाटत नाही. ते जिन्याने जपून उतरतात, कठड्याला हात लावत नाहीत, आणि पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने तडे दाखवतात. ज्यांचे वय सत्तरीपुढे गेले, भाड्याच्या जागेत चार वर्षे काढण्याची ज्यांची उमेद उरलेली नाही, त्यांना मात्र तीच इमारत अभेद्य किल्ल्यासारखी भासते आणि 'असे बांधकाम आता होत नाही' हे त्यांचे पालुपद असते. तडा तोच, तोंडे दोन.

जेथे मालक आणि भाडेकरू असा भेद असतो तेथे तर हे दोन पक्ष दोन निरनिराळे अभियंते आणतात; मालकाच्या अहवालात इमारत सी-१ निघते, भाडेकरूंच्या अहवालात तीच सी-२ ब; आणि अशा परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करण्यासाठी महापालिकेला तज्ज्ञांची एक तांत्रिक सल्लागार समिती स्वतंत्रपणे राबवावी लागते. हातोडीतला ठोकळा कोणाच्याही घरी तितकाच उसळतो. उसळत नाही तो आकडा वाचणाऱ्याचा तटस्थपणा.

हा दोष केवळ आपल्याच लोकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. रोममधील सेंट पीटरच्या घुमटाला तडे गेले तेव्हा पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये तीन गणितज्ञांकडून तपासणी करवली. त्यांनी हिशेब मांडून घुमटाचा बाहेरचा रेटा जुन्या लोखंडी कड्यांना पेलत नाही असा निष्कर्ष काढला आणि नवी कडी बसवण्यास सांगितले. एवढ्याने कोणाचे समाधान होईना. म्हणून पादुआहून जिओव्हान्नी पोलेनी या विद्वानास पाचारण झाले. त्याने एका टांगलेल्या साखळीला घुमटाच्या भागांच्या वजनाप्रमाणे वजने बांधून तिचा आकार पाहिला, तो उलटा करून घुमटावर ताडला, तो घुमटाच्या जाडीतच बसतो असे दाखवले, तिघांचे निदान चुकीचे ठरवले, आणि अखेरीस उपाय सुचवला तो असा की नवी कडी बसवावीत. ती बसली, पुढे १७४८ मध्ये आणखी एकाची भर पडली, आणि घुमट आजही उभा आहे. निदानावर पंडितांनी कितीही मतभेद करावेत, घुमटाची त्याला हरकत नसते, उपचार होण्याशी त्याचे काम. आपल्याकडे याच्या उलट घडते, एवढाच काय तो फरक.

इमारतींहून पुलांची अवस्था निराळी, कारण पुलाला सभासद नसतात. त्याच्यावरून सगळे जातात, त्याच्यात कोणी राहत नाही, आणि म्हणून त्याच्या तड्याविषयी वहिवाटीचाही दावा कोणी करीत नाही. पुलांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक स्वतंत्र दंतकथा निर्माण केली असून ती कोणत्याही कटिंग चहाबरोबर ऐकायला मिळते : अमुक पूल बांधणाऱ्या विलायती कंपनीचे परवाच पत्र आले, 'आम्ही बांधलेल्या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली असून यापुढची जबाबदारी आमची नाही'. ज्याने हे पत्र स्वतः वाचले आहे असा मनुष्य मला अद्याप भेटायचा आहे. ज्याच्या मेव्हण्याच्या कचेरीत ते आले असे किमान डझनभर भेटले. या कथेत इंग्रजांच्या दफ्तराविषयीचे कौतुक तर आहेच, परंतु त्याहून अधिक आहे ती एक सोय : आपल्या पुलाची काळजी सात समुद्रांपलीकडे कोणीतरी वहीत तारीख मांडून वाहत आहे, तेव्हा पत्र येईपर्यंत आपण निर्धास्त राहण्यास हरकत नाही.

पत्रे येत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल घरी परतणाऱ्या माणसांसह खाली आला, आणि त्या पुलाला तपासणीत किरकोळ दुरुस्तीपुरते दुखणे सांगून वापरास योग्य ठरवलेले होते. या दोन वाक्यांत विनोदाला जागा नाही आणि ती मी शोधणारही नाही. त्यानंतर तपासण्यांचा सपाटा लागला, काही पूल पाडले गेले, काहींवर उंच वाहनांना अडवणाऱ्या लोखंडी कमानी आल्या, आणि बाकीच्यांवर पाट्या आल्या.

या पाट्यांचे आणि सूचनांचे खरे वैभव पाहावे ते गणेशोत्सवात. मध्य रेल्वेवरचे चिंचपोकळी, करी रोड अशा ठिकाणचे जुने पूल मिरवणुकीच्या दृष्टीने नाजूक असल्यामुळे पालिका मंडळांना दरवर्षी विनवते, की पुलावर एका वेळी भाविक व वाहने मिळून १६ टनांहून अधिक भार नको, शंभराहून अधिक माणसे नकोत, पुलावर थांबू नये, नाचू नये, ध्वनिक्षेपक लावू नये. लालबाग-परळच्या माणसाला विसर्जनाच्या दिवशी शंभर माणसे मोजायला लावणे हे गणितातील एक अपूर्व साहस होय. ढोल थांबवून कार्यकर्ते दोर धरतात, एकजण शिट्टी फुंकतो, 'पुढचे सगळे पुढे चला' असा पुकारा होतो, आणि नव्व्याण्णवावा कोण व एकशेएकावा कोण याचा निर्णय लागण्यापूर्वी मूर्ती पलीकडे पोहोचलेली असते. तरीही कौतुकाची गोष्ट अशी, की पुलाच्या तोंडाशी ताशा खरोखर थांबतो. भोवतालची पाचपन्नास हजार माणसे ज्याच्यासाठी जमलेली असतात तो ताल एका जुन्या गर्डरच्या आदरार्थ दोनशे फूट मुका राहतो. ही शिस्त कायद्याच्या धाकाने आली असती असे मला वाटत नाही.

आणि सूचना अडाणीपणाची मुळीच नाही. इंग्लंडात ब्रॉटन येथे १८३१ मध्ये सैनिक पावलात पाऊल टाकून झुलत्या पुलावरून चालले आणि पूल कोसळला, तेव्हापासून पुलावर कवाईत मोडून चालण्याचा शिरस्ता पडला. लंडनच्या मिलेनियम पुलावर तर कवाईतही नव्हती. १० जून २००० रोजी तो उघडला, सुटीच्या दिवशी फिरायला यावे तशी माणसे आली. पूल किंचित डावी-उजवीकडे हलला, तोल सावरण्यासाठी माणसांची पावले नकळत त्याच लयीत पडू लागली, त्यामुळे पूल अधिक हलला, म्हणून पावले अधिक जुळली. आणि १२ तारखेला पूल बंद करण्यात आला. दमनक यंत्रे बसवून तो पुन्हा उघडेपर्यंत २००२ चा फेब्रुवारी उजाडला. हजारो अनोळखी इंग्रज एका लयीत चालू लागावेत हे घडवून आणायला एक पूल हलवावा लागला. आमच्याकडे त्याला एक ताशा पुरतो.

पीसाच्या मनोऱ्याविषयी येथे दोन शब्द लिहिले नाहीत तर वाचक रुष्ट होतील. ११७३ मध्ये आरंभ झालेला तो मनोरा तिसऱ्या मजल्यापासूनच कलू लागला, आणि १९११ पासून त्याच्या कलण्याचे पद्धतशीर मोजमाप होत आले. १९३४ मध्ये मुसोलिनीच्या कारकीर्दीत त्याला सरळ करण्याच्या इराद्याने पायात भोके पाडून सिमेंट ओतले, तेव्हा मनोरा उलट अधिक कलला. हुकूमशाहीला न जुमानणारे त्या देशात तेव्हा फारसे कोणी उरले नव्हते. पुढे १९९० मध्ये तो बंद झाला, जमिनीत व भिंतीत मापकयंत्रे बसली, ज्या बाजूला तो कलला नव्हता तिकडून थोडी थोडी माती काढण्यात आली, आणि २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला तेव्हा त्याचा माथा चाळीसेक सेंटिमीटर मागे आलेला होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या तज्ज्ञांनी तो पुरता सरळ होऊ दिला नाही. सरळ मनोरा पाहायला पीसाला कोण जाईल? दोषाचे माप इतक्या काटेकोरपणे घेऊन त्यातला नेमका उत्पन्नापुरता दोष शिल्लक ठेवणे ही मुत्सद्देगिरी आमच्या पुनर्विकास समित्यांनी अभ्यासावी.

तथापि या सर्व प्रकारांत मला हेवा वाटतो तो रामेश्वरच्या वाटेवरील जुन्या पांबन पुलाचा. १९१४ मध्ये समुद्रावर उभारलेल्या या रेल्वेपुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे एक यंत्र होते आणि ते सिग्नलला जोडलेले होते. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की सिग्नल आपोआप लाल होई, आणि गाडी मंडपम्‌च्या किंवा रामेश्वरच्या बाजूला मुकाट्याने उभी राही. गाडीत खासदार असो वा यात्रेकरू, वाऱ्याचे म्हणणे अखेरचे. अलीकडे आयआयटी मद्रासच्या मंडळींनी त्याच पुलावर संवेदक बसवले, आणि पुलाचे उघडझाप होणारे लोखंडी अंग थकल्याचे दिसल्यावर २०२२ च्या डिसेंबरात त्यावरील गाड्या थांबवण्यात आल्या; त्या पुन्हा धावू लागल्या त्या २०२५ च्या एप्रिलमध्ये, शेजारच्या नव्या पुलावरून. या व्यवस्थेत मापक आणि सिग्नल यांच्या मध्ये एक तार आहे. आमच्याकडे त्याच जागी सर्वसाधारण सभा असते.

ती सभा नेहमी ठरल्या वेळी गणसंख्येअभावी तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांनी, त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरते, आणि मग गणसंख्येचा अडसर उरत नाही. परवाच्या अशाच एका सभेचा विषय होता जिन्यालगतच्या भिंतीवरील काच. अभियंत्याने अहवालाबरोबर एक स्वस्त उपाय करून ठेवला होता : तड्याच्या दोन्ही काठांना टेकेल अशी काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तांबड्या रंगात तारीख लिहिली होती. तडा स्थिर असेल तर काच शाबूत राहील. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकेल, आणि ती तडकताच मला कळवा, असे तो बजावून गेला होता. मृग नक्षत्राचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि काच तडकली. चिटणीसांनी नोंदवहीत लिहिले, 'पट्टी फुटल्याचे आढळले'. पोरांच्या चेंडूवर संशय घेण्यात आला. पोरांनी आपण त्या दिवशी मैदानात होतो याचा पुरावा दिला. गुरख्याला विचारण्यात आले, त्याने आपल्या लाठीची उंची दाखवली. वाण्याच्या गोण्या वर चढवणाऱ्या हमालावर काही काळ संशय टिकला. नवी काच बसवली, तिच्यावर नवी तारीख घातली. श्रावणात तीही गेली. या खेपेस मात्र सभेत गांभीर्य होते. वारंवार काच फुटते, तुकडे पायरीवर पडतात, लहान मुले अनवाणी येजा करतात, हे यापुढे चालू देणे बरे नव्हे, यावर सर्वांचे एकमत झाले. अभियंत्याला बोलवावे अशी एक सूचना आली. त्याची फी गतवर्षीच दिलेली असल्यामुळे ती अनावश्यक ठरली.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी, ज्यांचा प्लॅस्टिकचा धंदा आहे, ठराव मांडला : की सदर ठिकाणी यापुढे काचेऐवजी ॲक्रिलिकची, जाड, न फुटणारी पट्टी दोन्ही टोकांना स्क्रू मारून कायमची बसवण्यात यावी, आणि त्यायोगे भिंतीचा प्रश्न निकाली निघाला असे समजावे. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि पट्टीचा खर्च दुरुस्ती निधीतून करावा असेही ठरले.